शाळेतील जात आणि लिंगभावाची विषमता कशी शोधावी आणि कशी मोडावी

आमच्या शाळेत जातिभेद नाही आणि मुलगा-मुलगी असा फरकही कोणी करत नाही, हे वाक्य मी मुख्याध्यापक असताना तपासणीला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर अनेकदा उच्चारले आहे आणि प्रत्येक वेळी ते मला मनापासून खरे वाटत होते. पटावर मुली मुलांच्या बरोबरीने होत्या, सर्व प्रवर्गांची मुले दाखल होती आणि खिचडीला सगळे एका पंगतीत बसत होते. पुढे एका उन्हाळी सुट्टीत जनरल रजिस्टरची, म्हणजे शाळेच्या प्रवेशनोंदवहीची, जीर्ण पाने नव्याने उतरवून घेण्याचे काम निघाले, तेव्हा सात वर्षांपूर्वी पहिलीत आलेल्या मुलांची नावे मी ओळीने वाचत गेलो. गावठाणातली मुले आणि मुली दोन्ही सातवीपर्यंत पोहोचली होती. बौद्ध वस्तीतलीही बहुतेक पोहोचली होती. तांड्यावरचे मुलगे निम्मे गळले होते, मुलींपैकी एकच उरली होती, आणि गावाबाहेरच्या पालांवरची एकही पारधी मुलगी तिसरीच्या पुढे गेलेली नव्हती. ‘शाळा सोडल्याचे कारण’ या रकान्यात त्या प्रत्येकीपुढे माझ्याच अक्षरात ‘सततची गैरहजेरी’ असे लिहिलेले होते.

हे मार्गदर्शन शिक्षक, मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य यांच्यासाठी आहे. येथे सांगितलेली बहुतेक कामे जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेतही होण्यासारखी आहेत, कारण त्यांना निधी लागत नाही. एक वही, वर्षातल्या काही संध्याकाळी आणि स्वतःच्या सवयी तपासण्याची तयारी एवढेच लागते. सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. जात वेगळी मोजली आणि मुलगा-मुलगी हे वेगळे मोजले, की दोन्ही आकडे समाधानकारक दिसतात. मुलींच्या आकड्यातली तूट सुस्थितीतल्या घरांच्या मुली भरून काढतात, मागास प्रवर्गांच्या आकड्यातली तूट मुलगे भरून काढतात, आणि तांड्यावरची किंवा पालावरची मुलगी दोन्ही हिशेबांतून निसटते. म्हणून पुढची सगळी मोजणी जात आणि लिंग एकत्र धरूनच करावी.

रजिस्टर उघडून सुरुवात करावी

शाळेत जितक्या इयत्ता आहेत तितकी वर्षे मागे जाऊन, त्या वर्षी पहिलीत दाखल झालेल्या सर्व मुलांची यादी वहीत उतरवावी. प्रत्येक नावापुढे चार गोष्टी लिहाव्यात: जात, मुलगा की मुलगी, कोणत्या वस्तीवरचे, आणि शाळेत शेवटचे कोणत्या इयत्तेत दिसले. येथे प्रवर्ग लिहून भागत नाही. भटक्या-विमुक्तांच्या एकाच मथळ्याखाली वंजारी, धनगर, बंजारा, वडार, कैकाडी अशा फार वेगवेगळ्या परिस्थितीतल्या जाती येतात आणि एकीची प्रगती दुसरीची गळती झाकून टाकते. ही वही मुख्याध्यापकांच्या कपाटात राहावी. ती भिंतीवर लावण्यासाठी नाही आणि वर्गात वाचण्यासाठी तर मुळीच नाही.

यादी पूर्ण झाली की मुली नेमक्या कोणत्या इयत्तेनंतर दिसेनाशा होतात ते पाहावे. आपल्याकडे ही ठिकाणे बहुधा ठरलेली असतात: जेथे गावातली शाळा संपते तेथे, म्हणजे चौथी किंवा सातवी, आणि त्यानंतर आठवी. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ या वयोगटासाठी आहे आणि राज्याच्या नियमांनी प्राथमिक शाळा १ किलोमीटरच्या आत व उच्च प्राथमिक शाळा ३ किलोमीटरच्या आत असावी असे ठरवलेले आहे. मात्र आठवीनंतर हा आधार संपतो आणि नेमके तेव्हाच मुलगी वयात आलेली असते. सरकारी हमी आणि घरच्यांचा धीर एकाच वर्षी सुटतो, हे नीट समजून घेतले की सातवीच्या वर्गाकडे पाहण्याची आपली नजर बदलते.

मग चालू वर्षाचा हजेरीपट घ्यावा आणि गैरहजेरी महिन्यांऐवजी दिवसांप्रमाणे तपासावी. आठवडी बाजाराच्या दिवशी कोण येत नाही? कापूस वेचणीच्या पंधरवड्यात कोण नसते? बाजाराच्या दिवशी आई गेली की घर आणि धाकटी भावंडे मुलीवर पडतात, आणि आठवड्यातला तो एक दिवस बुडत गेला की गणितातला एकेक घटक तिच्या हातून कायमचा सुटतो. पुढे तीच मुलगी ‘कच्ची’ ठरते.

नंतर घरी जावे

कारणे रजिस्टरात मिळत नाहीत. महात्मा फुले यांनी १८८२ मध्ये शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षण किमान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे अशी मागणी केली होती, आणि त्याच निवेदनात शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातून तयार करावेत, म्हणजे ते लोकांमध्ये मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा ओळखतील, असेही म्हटले होते. सक्तीची मागणी कायद्यात उतरली. मिसळण्याचे काम मात्र आजही प्रत्येक शिक्षकाला स्वतःच करावे लागते.

भेट संध्याकाळी, मजुरीहून लोक परतल्यावर घ्यावी. शिक्षिका असतील तर त्यांनी जावे, नसतील तर अंगणवाडी सेविका किंवा आशाताईंना सोबत घ्यावे, म्हणजे मुलीची आई आणि आजी बोलतील. ‘पोरीला शाळेत का पाठवत नाही’ या प्रश्नाने सुरुवात करू नये, कारण तो जाब विचारल्यासारखा वाटतो. तिचा दिवस कसा जातो ते विचारावे. बसायला जे अंथरतील त्यावर बसावे, जे पाणी देतील ते प्यावे. ही बारीकसारीक बाब नाही. मास्तर आपल्या घरचे पाणी पितात की नाही, याकडे त्या घरातल्या प्रत्येकाचे लक्ष असते.

रजिस्टरातल्या त्या मुलींपैकी एकीच्या घरी मी बऱ्याच उशिरा गेलो. आजी एकटीच होती; बाकीचे घर ऊसतोडीला गेले होते. तिने सांगितले, “तिला लेकरू धरायला नेलं, गुरुजी. माय-बाप फडात गेले की कोपीवर बारकं कुणी बघायचं?” मुलगी नऊ वर्षांची होती आणि तिच्या भावाला आठवा महिना लागला होता. मी ज्याला ‘सततची गैरहजेरी’ म्हटले होते ते तिचे पहाटेपासून रात्रीपर्यंतचे काम होते. त्या दिवसापासून मी तो रकाना असा मोघम भरणे सोडले. आपणही सोडावे आणि खरे कारण शब्दांत लिहावे: भावंड सांभाळणे, ऊसतोडीला स्थलांतर, पुढच्या शाळेला वाहन नाही, लग्न झाले. खरे कारण कागदावर आले की ते दूर करण्याची जबाबदारीही कोणाची तरी ठरते.

वर्गात काय चालते ते मोजावे

हा भाग सर्वांत अवघड आहे, कारण येथे दोष आपल्याकडे असतो. सहकाऱ्याला एक तासिका वर्गाच्या मागे बसण्याची विनंती करावी. त्यांनी कागदावर मुलांच्या बसण्याचा नकाशा काढावा आणि शिक्षकांनी ज्याला प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे प्रत्येक वेळी एक रेघ मारावी. प्रश्न ‘हो-नाही’ किंवा एका शब्दाच्या उत्तराचा असेल तर साधी रेघ, ‘का’ किंवा ‘कसे’ असा असेल तर फुली. तासिका संपल्यावर तो कागद दोघांनी मिळून वाचावा. पहिल्या वेळी माझ्या कागदावर फुल्या जवळजवळ सगळ्या पुढच्या दोन ओळींतल्या मुलांपुढे होत्या, आणि खिडकीखाली बसणाऱ्या तांड्यावरच्या तीन मुलींपुढे काहीच नव्हते. त्या तासाला मी त्यांच्याकडे एकदाही पाहिलेले नसणार. असा कागद महिन्यातून एकदा, वेगवेगळ्या विषयांच्या तासिकेला काढावा. बसण्याच्या जागा दर सोमवारी बदलाव्यात आणि त्या शिक्षकांनीच ठरवाव्यात. मुलांवर सोडले की मुले वस्तीप्रमाणे बसतात आणि गावाचा नकाशा वर्गात उतरतो. कोल्हापूर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सर्व मुलांना एकाच शाळेत बसवले. एका छताखालचे वेगळे बाक हटवणे हे त्याच कामाचे राहिलेले टोक आहे.

कामांची वाटणीही अशीच लिहून काढावी. वर्ग कोण झाडते, पाण्याची टाकी कोण भरते, पाहुण्यांना चहा कोण देते, खडू आणायला कार्यालयात कोण जाते, ध्वजवंदनाला आज्ञा कोण देते, सहलीचे पैसे कोण मोजते? झाडू मुलींच्या हाती आणि आज्ञा मुलांच्या तोंडी असे चित्र दिसले तर हजेरी क्रमांकानुसार फिरता तक्ता करावा आणि तो सर्वांना दिसेल असा लावावा. शौचालय साफ करण्याचे काम कोणत्याही मुलाला, कोणत्याही कारणाने, शिक्षा म्हणूनही देऊ नये. ते ज्याच्या वाट्याला येते त्याची जात बहुतेक वेळा ठरलेली असते, आणि ते मूल ही गोष्ट जन्मभर विसरत नाही.

काही गोष्टी मोजता येत नाहीत, पण पाहता येतात. वर्गात एखाद्याची पेन्सिल किंवा पाच रुपये हरवले की पहिले दप्तर कोणाचे उघडले जाते ते पाहावे. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्याने पारध्यांसह अनेक जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवले. स्वतंत्र भारताने तो कायदा १९५२ मध्ये रद्द केला, पण वर्गातला संशय अजून त्याच दिशेने धावतो. यावर एकच नियम ठेवावा: कोणाचेही दप्तर तपासायचे नाही. हरवलेली वस्तू शोधायची तर शिक्षकांनी स्वतः टेबलाखाली आणि बाकांखाली शोधावी आणि सापडली नाही तर शाळेच्या डब्यातली दुसरी द्यावी.

शिष्यवृत्तीचे अर्ज भरताना होणारा अपमान तर आपल्याच हातून होतो. “एससीची मुले उभी राहा, एनटीची उभी राहा,” असे म्हणून मी वर्षानुवर्षे याद्या केल्या, कारण तीच पद्धत मी माझ्या शिक्षकांकडून शिकलो होतो. एकदा सहावीतली एक मुलगी दोन्ही वेळा बसूनच राहिली आणि मधल्या सुट्टीत कार्यालयात येऊन हळूच म्हणाली, “सर, माझं नाव लिहा, पण मला उभं करू नका.” तेव्हापासून यादी जनरल रजिस्टरावरून कार्यालयात तयार करावी, अर्ज पाकिटात घालून पालकांना घरभेटीत द्यावा आणि वर्गात त्याबद्दल एक शब्दही बोलू नये, अशी पद्धत मी ठेवली. या पद्धतीने आमच्याकडे एकही अर्ज राहिला नाही.

भाषेचे काय करावे

आपल्या वर्गांतला उच्चार हा जातीचा फार जुना शिक्का आहे. ‘आनि’, ‘पानी’, ‘लोनी’ म्हणणाऱ्या मुलाला हसले की ते मूल दुसऱ्या दिवसापासून मोठ्याने वाचत नाही, आणि मुलगी असेल तर ती वर्षभर वाचत नाही. मुले वाचत असताना उच्चारासाठी कधीही थांबवू नये. आशय समजला का ते पाहावे, आणि लेखनातले न-ण सगळ्या वर्गाला मिळून, कोणाचेही नाव न घेता शिकवावेत.

ज्यांची घरची बोली मराठीहून वेगळीच आहे, म्हणजे तांड्यावरची गोरमाटी, पारध्यांची वाघरी, मेळघाटातली कोरकू, सातपुड्यातली पावरी किंवा गडचिरोलीतली गोंडी, त्यांच्यासाठी पहिल्याच महिन्यात मुलांच्या मदतीने पन्नास शब्दांची वही करावी: पाणी, भूक, ताप, लघवी, आई, घर, दुखणे, भीती. शिक्षकांनी ते शब्द स्वतः पाठ करावेत. पहिली-दुसरीत उत्तर घरच्या बोलीत आले तर ते बरोबर धरावे आणि मग मराठी शब्द द्यावा. आठवड्यातून एकदा वस्तीतल्या एखाद्या आजीला गोष्ट सांगायला बोलवावे. आपली आजी शाळेत खुर्चीवर बसली आहे आणि गुरुजी समोर सतरंजीवर बसून ऐकत आहेत, हे पाहणारे मूल शाळेला आपली म्हणू लागते.

मोठ्या मुलींना स्वतःच्या जगण्याबद्दल लिहायला सांगावे. फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने वयाच्या चौदाव्या वर्षी लिहिलेला निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापला गेला, आणि त्यात तिने बाळंत होताना डोक्यावर छप्पर नसलेल्या, थंडीवाऱ्यात कुडकुडणाऱ्या आपल्या समाजातील स्त्रियांचे दुःख मांडले. जात आणि स्त्रीपण एकत्र आल्यावर काय होते, हे त्या मुलीने तेव्हाच स्वच्छ सांगितले होते. ‘माझी सहल’ या विषयावर ज्या मुलीला दोन ओळी सुचत नाहीत, तिला ‘आमचा फडावरचा दिवस’ हा विषय दिला तर ती दोन पाने लिहिते.

कागदपत्रे वेळेत करावीत

जुलैमध्येच प्रत्येक मुलाचे आधारवरील नाव, जनरल रजिस्टरातील नाव आणि बँक खात्यातील नाव एकमेकांशी जुळवून पाहावे. एका वेलांटीच्या फरकाने शिष्यवृत्ती अडते आणि रजिस्टरातील दुरुस्ती मूल शाळेत असेपर्यंतच त्यातल्या त्यात सोपी असते. दाखल करून घेताना जातीचा रकाना पालकांना विचारून नेमका भरावा, कारण पुढे जातीच्या दाखल्यासाठी शाळेची नोंद हाच गरीब घरातला एकमेव लेखी पुरावा ठरतो. अनुसूचित जाती-जमातींना १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींना १९६१ पूर्वीचा आणि इतर मागासवर्गीयांना १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्या समाजाला गावात स्थिर राहूच दिले गेले नाही त्याच्याकडे असा पुरावा कोठून असणार, हा प्रश्न मला आजही छळतो. आपल्या हातात एवढे आहे की वडील, आजोबा, चुलते यांपैकी कोणी आसपासच्या शाळेत शिकले होते का ते घरभेटीत विचारावे आणि त्या शाळेतून निर्गम उतारा, म्हणजे रजिस्टरातील नोंदीची प्रत, मिळवून द्यावा.

कागद नाहीत म्हणून प्रवेश मात्र अडवता येत नाही. जन्माचा दाखला नसला तरी, जुन्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी, वर्षाच्या मध्यावर आले तरी, मुलाला वयानुरूप वर्गात बसवणे शिक्षण हक्क कायद्याने बंधनकारक आहे.

योजनांची यादी येथे देत नाही, कारण रकमा आणि अटी बदलत राहतात. पाचवी ते दहावीच्या अनुसूचित जाती, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील मुलींची सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आणि एसटीचा अहिल्याबाई होळकर मोफत पास या दोन गोष्टी एकाही मुलीच्या बाबतीत राहू देऊ नयेत. मानव विकास कार्यक्रमातल्या २३ जिल्ह्यांतील १२५ तालुक्यांत आपले गाव येत असेल, तर आठवी ते बारावीच्या मुलींच्या सायकलींसाठीही पाठपुरावा करावा.

ऊसतोडीचा हंगाम

दसऱ्याच्या आधी कोणती कुटुंबे उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन बसली आहेत त्याची यादी करावी; दिवाळीनंतर केलेली यादी उपयोगाची नसते, कारण तोपर्यंत टोळ्या हललेल्या असतात. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव समितीने शक्य तितक्या लवकर द्यावा, म्हणजे मुले आजी-आजोबांकडे राहू शकतात आणि जेवणाची सोय होते. पण यादीत मुलगे थांबले आणि मुली गेल्या असे दिसले तर तेथे थांबून विचार करावा. लहान मुलीला भावंडासाठी नेतात. वयात आलेल्या मुलीला म्हाताऱ्यांच्या भरवशावर मागे ठेवण्याची आईला भीती वाटते, आणि ती भीती खोटी नसते. अशा घरांसाठी वस्तीतल्याच एखाद्या विश्वासाच्या बाईकडे तीन-चार मुली एकत्र झोपण्याची व्यवस्था समितीने लावून दिली तर आई तयार होते, असा माझा अनुभव आहे. शिक्षकांपैकी कोणीतरी आठवड्यातून एकदा रात्री चक्कर मारावी आणि आईला फडावर फोन करून मुलीशी बोलणे करून द्यावे.

जी मुले जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी पत्र (ते दाखवून मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकते) आणि पुस्तके देऊन पाठवावे, मुकादमाचा क्रमांक घ्यावा आणि ज्या कारखान्याच्या परिसरात ती जातात तेथल्या शाळेला स्वतः फोन करावा. परत आल्यावर त्यांना मागच्या बाकावर बसवून ‘तुमचं खूप बुडालं’ असे म्हणू नये. पहिला आठवडा त्यांची वेगळी उजळणी घ्यावी.

सातवी-आठवीच्या मुली

शौचालयाला कडी आहे का, आत पाणी येते का, आणि वापरलेले पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का, या तीन गोष्टी शिक्षिकेने किंवा समितीतील महिला सदस्याने आत जाऊन पाहाव्यात. बाहेरून रंगवलेले शौचालय तपासणीत चालून जाते, पण मुलगी महिन्यातले चार दिवस घरी बसते. पॅड मागण्यासाठी मुलीला कार्यालयात यावे लागू नये. ते मुलींनाच माहीत असेल अशा कपाटात असावेत.

पुढची शाळा दुसऱ्या गावाला असेल तर सातवीच्या निकालाआधीच त्या वर्गातल्या सर्व मुलींच्या पालकांना एकत्र बसवावे. एकटी मुलगी वाटेला लावायला घर तयार नसते, पण चार मुली एकत्र निघाल्या तर असते. एसटीची वेळ शाळेच्या वेळेशी जुळत नसेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि शाळेचे पत्र घेऊन आगारप्रमुखांना भेटावे, आणि ते काम जूनऐवजी एप्रिलमध्ये करावे.

लग्नाचा प्रश्न टाळू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. ऊसतोडीत उचल नवरा-बायकोच्या जोडीवर, म्हणजे एका कोयत्यावर मिळते, त्यामुळे लग्न लावणे म्हणजे नवा कोयता उभा करणे हा हिशेब घरात असतो. त्यापुढे नुसते उपदेश चालत नाहीत. सलग आठ दिवस मुलगी आली नाही, मैत्रिणी कुजबुजू लागल्या, की त्याच दिवशी घरी जावे. लग्न ठरल्याचे कळले तर गावपातळीवर ग्रामसेवक, म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात; त्यांना लेखी कळवावे, नाहीतर १०९८ या बालमदत क्रमांकावर फोन करावा. खबर कोणी दिली हे गावात फुटू देऊ नये. लग्न थांबल्यावर दुसऱ्या दिवशी मुलगी वर्गात आली तर तिच्याशी त्याविषयी वर्गात एक शब्दही बोलू नये आणि तिला नेहमीसारखा गणिताचा प्रश्न विचारावा. २०२२ च्या शासन निर्णयानुसार प्रत्येक शाळेत मुला-मुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी. ती केवळ कागदावर न राहता दर महिन्याला बसते का ते पाहावे.

समितीचा उपयोग करून घ्यावा

शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल व वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे. प्रत्यक्षात तांड्यावरच्या बाईचे नाव लागते, सही तिचा नवरा करतो आणि इतिवृत्त आधीच लिहिलेले असते. हे बदलायचे तर सभेची वेळ संध्याकाळी सातनंतर ठेवावी आणि दर दुसरी सभा वस्तीवर घ्यावी. सभेच्या आदल्या दिवशी प्रत्येक महिला सदस्याला भेटून उद्या कोणता विषय आहे ते सांगावे आणि तिचे म्हणणे विचारून ठेवावे. सभेत पहिले तिला बोलू द्यावे. तिने सांगितलेले तिच्याच शब्दांत इतिवृत्तात लिहावे आणि सही किंवा अंगठ्याआधी ते वाचून दाखवावे. आमच्याकडे एका सभेत एक बाई सारा वेळ गप्प होती आणि उठता उठता म्हणाली, “नळ गावातल्या पोरांच्या हातात असतो, आमच्या पोरींना वरून ओतून देतात.” त्या नळाजवळून मी रोज दहा वेळा जात होतो.

भेदभाव झाल्याची तक्रार आली तर

पहिली गोष्ट म्हणजे मुलावर विश्वास ठेवावा आणि त्याने जे सांगितले ते त्याच्या शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून घ्यावे. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्यासमोर मुलाला उभे करू नये. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार निषिद्ध आहेत, आणि जातीवरून टाकलेला टोमणा हा मानसिक छळच आहे. शाळेत प्रश्न सुटला नाही तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते, तिचा निर्णय तीन महिन्यांत होणे अपेक्षित असते आणि त्यावर राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. लैंगिक छळाची तक्रार असेल तर शाळेत चौकशी करत बसू नये; बालकांना लैंगिक अपराधांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे प्रत्येकावर बंधनकारक आहे आणि गावाची, संस्थेची अब्रू हे न कळवण्याचे कारण होऊ शकत नाही. अर्ज कोणताही असो, त्याची पोच तारखेसह घ्यावी आणि ती पालकांकडे द्यावी.

हे सगळे एका वर्षात होत नाही. म्हणून मे महिन्यात, निकालाचे काम संपल्यावर, ती पहिली वही पुन्हा काढावी. मागच्या जूनची यादी नव्या पानावर उतरवावी, जे मूल आता पटावर नाही त्याच्या नावाखाली रेघ मारावी, आणि शाळा उघडण्याच्या आठ दिवस आधी त्या रेघांच्या क्रमाने घरे गाठायला निघावे, पालांवरच्या मुलींपासून सुरुवात करून.